वजन बदललं की चाकाचं जडत्वही बदलतं? फ्लायव्हीलच्या एका प्रयोगाची हकिकत

एफवायबीएस्सीच्या बॅचमधली एक मुलगी जर्नल घेऊन टेबलापाशी आली. रीडिंग नीट होती, गणितं नीट होती, फक्त शेवटी 'रिझल्ट' लिहून पुढची जागा कोरी सोडलेली. सही करता करता मी विचारलं, "सरासरी काढायची राहिली का?"

"राहिली नाही मॅडम, काढली नाही. कशाची काढू? तिन्ही आकडे वेगवेगळे आलेत आणि एकाच दिशेनं वाढत चाललेत."

प्रयोग फ्लायव्हीलचा, म्हणजे अक्षावर फिरणाऱ्या जड चाकाचा. त्याचा मोमेंट ऑफ इनर्शिया (जडत्व आघूर्ण, चाकाला फिरवणं किंवा थांबवणं किती जड जातं त्याचं माप) काढायचा. तिचं टेबल असं होतं:

२०० ग्रॅम वजन: चाक थांबेपर्यंत १३.१ फेरे, ३८.० सेकंद, मोमेंट ऑफ इनर्शिया ०.०६५ किग्रॅ-मी²
५०० ग्रॅम: ३७.७ फेरे, ६२.३ सेकंद, ०.०७०
१ किलो: ७२.४ फेरे, ८३.६ सेकंद, ०.०७५

प्रत्येक वजनाला पाच-पाच वेळा चाक सोडून तिनं आणि तिच्या पार्टनरनं ही रीडिंग घेतली होती. पाचांमधला फरक एक-दोन टक्क्यांचा. आणि २०० ग्रॅमपासून १ किलोपर्यंत जाताना उत्तर मात्र सरळ १५ टक्क्यांनी वर चढलेलं.

बाकीच्या मुलांनी याच तीन आकड्यांची सरासरी काढून ०.०७० लिहिलं होतं आणि मी सह्याही केल्या होत्या. कारण आमच्या प्रॅक्टिकलच्या रजिस्टरमध्ये या चाकापुढे 'अपेक्षित उत्तर ०.०७०च्या आसपास' असंच लिहिलेलं आहे. मी या कॉलेजात आले त्याच्या आधीपासून.

प्रयोग बहुतेकांनी केलेला असतो, तरी थोडक्यात सांगते. भिंतीत पक्क्या बसवलेल्या ब्रॅकेटवर बिडाचं जाड चाक दोन बेअरिंगवर फिरतं. त्याच्या अ‍ॅक्सलवर एक छोटी खुंटी असते. दोऱ्याचं एक टोक फासा करून त्या खुंटीत नुसतं अडकवायचं, दुसऱ्या टोकाला वजन बांधायचं, अ‍ॅक्सलवर दोरा मोजून आठ फेरे गुंडाळायचा आणि सोडून द्यायचं. वजन खाली जाताना चाकाला वेग देतं. आठवा फेरा उलगडला की फासा खुंटीवरून सुटतो, वजन खालच्या वाळूच्या डब्यात पडतं आणि चाक एकटंच फिरत राहतं. त्या क्षणी स्टॉपवॉच सुरू करायचं आणि रिमवरच्या खडूच्या खुणेवरून फेरे मोजायचे, चाक थांबेपर्यंत. आमच्या अ‍ॅक्सलचा व्यास १.९ सेंमी आणि दोरा १ मिमी जाड, म्हणून दोऱ्यासकट त्रिज्या १.० सेंमी धरतो. आठ फेऱ्यांत वजन जवळजवळ ५० सेंमी खाली येतं.

हिशोब ऊर्जेचा आहे. वजनानं गमावलेली स्थितिज ऊर्जा तीन ठिकाणी जाते: वजनाच्या स्वतःच्या गतीत (अगदी किरकोळ), चाकाच्या फिरण्यात आणि बेअरिंगच्या घर्षणात. घर्षणाचा वाटा कळावा म्हणूनच दोरा सुटल्यानंतरचे फेरे मोजायचे. चाकात साठलेली सगळी ऊर्जा पुढच्या ७२ फेऱ्यांत घर्षणानं खाल्ली, म्हणजे एका फेऱ्याला किती खाते ते निघालं, आणि तेवढंच पहिल्या आठ फेऱ्यांनाही लावायचं. प्रयोगाची ही रचना मला आजही सुंदर वाटते. एकही महागडं उपकरण नाही, आणि चाकाचं जडत्व आघूर्ण आणि घर्षणाचा टॉर्क (फिरणं रोखणारा जोर) अशा दोन्ही राशी हाती येतात.

प्रश्न तिनं नेमका विचारला होता. "मॅडम, चाक तेच आहे. खाली काय लटकवलंय हे चाकाला कसं कळेल?"

चाकाला कळत नाही, हे खरंच. मोमेंट ऑफ इनर्शिया वस्तुमान अक्षापासून किती दूर पसरलंय यावर ठरतो. तो वाढला असेल तर आपण काहीतरी दुसरंच मोजतोय. मी तिला म्हटलं, रिझल्टची जागा तशीच राहू दे, गुरुवारी बघू.

गुरुवारी आम्ही आधी नेहमीचे संशयित तपासले. त्रिज्या चुकली असेल का? चुकली तर तिन्ही उत्तरं एकाच प्रमाणात चुकतील, ती चढत जाणार नाहीत. स्टॉपवॉच दाबायला उशीर? ३८ सेकंदांत पाव-अर्ध्या सेकंदाचा फरक पडला तरी उत्तरात दोन-तीन टक्केच जातात, आणि तेही कधी वर, कधी खाली. चाक नेमकं कधी थांबलं ते कळत नाही, शेवटचा फेरा फार रेंगाळतो, असं तिच्या पार्टनरचं म्हणणं. हे बरोबर आहे, पण त्यानं जास्त वेळ मोजला गेला तर त्याचा फटका कमी वजनाच्या रीडिंगला जास्त बसायला हवा, म्हणजे २०० ग्रॅमचं उत्तर फुगायला हवं. आपल्याकडे उलटं होतंय. लटकत्या वजनानं बेअरिंगवरचा भार वाढतो, हा मुद्दा मीच काढला. चाक आठ किलोचं, वजन एक किलोचं. घर्षण फार तर आठव्या हिश्शानं वाढेल, आणि पहिल्या आठ फेऱ्यांत घर्षण एकूण ऊर्जेच्या दहावा हिस्साच खातं. उत्तरावर परिणाम टक्काभर.

एकेक संशयित सुटत गेला, तसं राहिलेल्या एका पायरीकडे बघणं भाग पडलं. ती पायरी जर्नलमध्ये एका ओळीची आहे आणि सगळे ती न थांबता ओलांडतात. दोरा सुटतानाचा चाकाचा कोनीय वेग, म्हणजे फिरण्याचा वेग, आपण मोजतच नाही. आपण सुटल्यापासून थांबेपर्यंतचा सरासरी वेग काढतो, फेरे भागिले वेळ, आणि त्याची दुप्पट करून म्हणतो, हा सुरुवातीचा वेग. ही दुप्पट केव्हा खरी? वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच दरानं कमी होत गेला तर. आणि वेग एकाच दरानं केव्हा कमी होईल? घर्षणाचा टॉर्क सगळ्या वेगांना सारखाच असेल तर.

म्हणजे 'घर्षणाचा टॉर्क स्थिर आहे' हे गृहीतक सूत्राच्या पोटात बसलेलं आहे. पुस्तकात ते लिहिलेलं असतं, परीक्षेत तोंडीला विचारलंही जातं आणि मुलं पाठ केलेलं उत्तर देतात. पण आपल्या या चाकाला ते लागू पडतं का, हे कुणी बघितलेलं नसतं.

समजा वेगात असताना घर्षण जास्त आणि हळू फिरताना कमी असेल. मग चाक सुरुवातीचा वेग लवकर गमावेल आणि हळू वेगात जास्त वेळ काढेल. सरासरी वेग सुरुवातीच्या वेगाच्या निम्म्याहून कमी भरेल. त्याची दुप्पट केली तरी खरा वेग येणार नाही, त्याहून कमीच येईल. आणि सूत्रात हा वेग छेदात आहे, वर्गात आहे. वेग दहा टक्क्यांनी कमी धरला की उत्तर वीस टक्क्यांहून जास्त फुगतं. जितकं वजन जास्त, तितका सुरुवातीचा वेग जास्त, तितकी ही गफलत मोठी. तिच्या तीन आकड्यांचा चढ अगदी असाच होता.

बॅचमधला एक मुलगा इतका वेळ शेजारी लंबकाच्या प्रयोगावर होता. त्याच्या घरी गुरं आहेत. तो तिथूनच म्हणाला, "मॅडम, आमच्या कडबाकुट्टीच्या चाकाला ग्रीस जास्त भरलं की ते पहिले दोन-तीन फेरे असं जड जातं, हात भरून येतो. हळू फिरवलं तर काही नाही, जोरात फिरवायला गेलं की ओढतं." मी मामांना विचारलं, आपल्या फ्लायव्हीलला काय घालता? मामा आमच्या लॅबमध्ये खूप वर्षं आहेत. ते म्हणाले, दर जूनमध्ये कॉलेज उघडायच्या आधी बेअरिंगमध्ये ग्रीस भरतो. जुनं काढता का? "काढायचं कशाला मॅडम, वरून भरायचं."

अंदाज बांधून झाला होता, आता मोजायचं होतं. मुलीनं रिमवर एक पांढरी चिकटपट्टी लावली, पार्टनरनं फोन स्टँडला बांधून चाकासमोर ठेवला. दोरा सुटण्याचा क्षण स्लो-मोशनमध्ये, सेकंदाला २४० फ्रेम. पुढचं सगळं थांबणं साध्या व्हिडिओत. मग दोघांनी बसून फ्रेम मोजल्या. १ किलोच्या वजनाला सुटल्यानंतरचा पहिला फेरा सुमारे १२३ फ्रेमचा भरला, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त. वेग १२.२ ते १२.३ रेडियन प्रति सेकंद (एक फेरा म्हणजे सुमारे ६.२८ रेडियन). जर्नलमधल्या सूत्रानं हाच वेग १०.९ आला होता.

पुढचे वेग दर २० सेकंदांनी तिनं फळ्यावर लिहिले: १२.३, मग ८.५, मग ५.४, मग २.७, आणि ८० व्या सेकंदाला ०.४. घर्षण स्थिर असतं तर प्रत्येक २० सेकंदांत सारखीच घट दिसली असती. घट होती ३.८, ३.१, २.७, २.३. वेग आणि वेळ यांचा ग्राफ काढला तर तो सरळ रेषेत येईना, मधे खाली झुकलेला वक्र आला. सुरुवातीला वेग सेकंदाला सुमारे ०.२० नं घटत होता, शेवटाला ०.१० नं. म्हणजे चाक सुटलं तेव्हाचा घर्षणाचा टॉर्क थांबतानाच्या टॉर्कच्या दुप्पट होता.

जुन्या सूत्रानं घर्षणाचा टॉर्कही काढतात. तिच्या जर्नलमध्ये तो २०० ग्रॅमला ०.००७५, ५०० ग्रॅमला ०.००८६ आणि १ किलोला ०.००९७ न्यूटन-मीटर असा आलेला होता. तोही चढता. ही ओळ तिच्याइतकीच माझ्याही डोळ्यांसमोर होती, पण मोमेंट ऑफ इनर्शियाच्या गोंधळात त्या ओळीकडे आमचं लक्ष गेलं नाही. उत्तर तिथंच लिहिलेलं होतं: भार वाढला, वेग वाढला, टॉर्क वाढला.

इथं थोडं मागे जावंसं वाटतं. कोरड्या पृष्ठांचं घर्षण वेगावर फारसं अवलंबून नसतं, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ कूलों यांच्या नावानं ओळखला जातो. त्यांचा यंत्रांवरचा निबंध १७८५ मध्ये छापला गेला. आपलं सूत्र या घर्षणावर उभं आहे. पण तेल-ग्रीस आलं की गोष्ट बदलते, कारण आता धातू धातूवर घासत नाही, मधला द्रव थरावर थर सरकतो आणि तो चिकटपणामुळे विरोध करतो. वेग वाढला की हा विरोधही वाढतो. इंग्लंडमध्ये अभियंते बोशांप टॉवर यांनी १८८३ मध्ये बेअरिंगवर प्रयोग करताना तेल घालायला बेअरिंगच्या वरच्या बाजूला भोक पाडलं, तर त्यातून तेल वर यायला लागलं. बूच मारलं, तर तेलाच्या दाबानं बूचच बाहेर ढकललं गेलं. फिरता अ‍ॅक्सल स्वतःच तेल आत ओढून दाब तयार करतो, हे असं लक्षात आलं आणि ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये त्याचं गणित मांडलं. आमची बेअरिंग गोळ्यांची आहेत, टॉवर यांची तशी नव्हती. पण गोळ्यांना दाट ग्रीस घुसळत जायचं असेल तर विरोध वेगाबरोबर वाढणारच. मुलांना मी हे सांगितलं तेव्हा बूच उडाल्याचा प्रसंग त्यांना फार आवडला.

मग नव्यानं हिशोब. घर्षणाचा टॉर्क म्हणजे मोमेंट ऑफ इनर्शिया गुणिले वेग घटण्याचा दर, आणि घटण्याचा दर कुठल्या वेगाला किती हे आता व्हिडिओवरून माहीत आहे. त्यामुळे ऊर्जेच्या समीकरणात अज्ञात एकच उरतं. १ किलोचं उदाहरण घ्या: वजनानं ४.९३ ज्यूल दिले, त्यातले सुमारे ०.५ ज्यूल पहिल्या आठ फेऱ्यांत घर्षणात गेले, उरलेले चाकात. सुरुवातीचा वेग थेट मोजलेला. तिन्ही वजनांना उत्तरं आली ०.०५८, ०.०५९, ०.०५९.

चढ गेला. पण आता नवा प्रश्न: रजिस्टरमधलं ०.०७० कुठून आलं?

याचा निकाल लावायला आम्हाला प्रयोगही लागला नाही. आमचं चाक साधं सपाट आहे, त्याला आरे नाहीत की जाड रिम नाही. व्यास २४.० सेंमी, जाडी २.५ सेंमी, बिडाची घनता घनसेंटिमीटरला ७.१ ते ७.२ ग्रॅम. वस्तुमान आठ किलोच्या जरा वर येतं, आणि त्याचं अर्धं गुणिले त्रिज्येचा वर्ग म्हणजे ०.०५८ ते ०.०५९. अ‍ॅक्सल इतका बारीक की त्याची भर चौथ्या दशांश स्थळालाही पोचत नाही. पट्टी आणि व्हर्नियर घेऊन पाच मिनिटांत होणारं हे काम लॅबमध्ये कधीच कुणी केलेलं नव्हतं, मीही नाही. ०.०७० हा आकडा कुठल्याशा वर्षी याच सूत्रानं, याच तीन वजनांच्या सरासरीतून निघाला असणार. दर जूनमध्ये ग्रीस भरलं जायचं, दर वर्षी तीच वजनं वापरली जायची, म्हणून दर वर्षी तेच चुकीचं उत्तर नेमानं यायचं. आणि ते नेमानं येतंय यालाच आम्ही ते बरोबर असल्याचा पुरावा मानत होतो.

या गोष्टीचं मला मनापासून वाईट वाटतं. सरासरी काढणं म्हणजे चुका कमी करणं असं आपण शिकवतो. ते खरं आहे, पण फक्त इकडेतिकडे विखुरलेल्या चुकांसाठी. एका दिशेनं झुकलेल्या आकड्यांची सरासरी चूक कमी करत नाही, ती झाकते. ज्या मुलांनी ०.०५-०.०६ च्या आसपासचं काहीतरी आणलं असेल, त्यांना मी गेल्या काही वर्षांत 'रीडिंग परत घ्या' म्हटलेलं असणार. आणि ज्यांना उत्तर जुळवायचं होतं, त्यांनी मागच्या वर्षीच्या जर्नलमधून ०.०७० उचललं असणार.

पुढच्या आठवड्यात मामांनी आणि त्या शेतकऱ्याच्या मुलानं मिळून बेअरिंगं उघडली. आतलं ग्रीस काळं, मेणासारखं घट्ट, बोटाला ताणलं तर तार निघत होती. रॉकेलनं धुऊन, पुसून, शिलाई मशीनचं पातळ तेल घातलं. १ किलोच्या वजनाला चाक आधी ८३.६ सेकंद आणि ७२ फेरे फिरायचं, ते आता दोन मिनिटं आणि ११६ फेरे फिरू लागलं. मुलं मोजून मोजून दमली. साध्या जर्नलच्या सूत्रानं २०० ग्रॅमला ०.०६० आणि १ किलोला ०.०६३ आलं. चढ बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. तेल पातळ असलं तरी द्रवच आहे. तोही वेगाला थोडा विरोध करतो. हे ऐकून मुलगी म्हणाली, "मग मॅडम, सूत्र बरोबर ठरवायला बेअरिंग कोरडंच ठेवायला हवं." कोरडं ठेवलं तर बेअरिंग खराब होईल, म्हणून आम्ही सूत्र बदलायचं ठरवलं. पुढच्या बॅचच्या शीटवर सुरुवातीचा वेग पहिल्या फेऱ्याच्या व्हिडिओवरून घ्यायचा कॉलम आहे, आणि 'सरासरी' या शब्दाच्या जागी वजन आणि उत्तर यांचा ग्राफ काढायला जागा सोडली आहे. रजिस्टरमधला ०.०७० मी खोडला नाही. शेजारी तारीख घालून ०.०५९ लिहिलं आणि ते कसं आलं ते दोन ओळींत लिहिलं.

तिच्या जर्नलमध्ये मात्र पहिलं टेबल जसंच्या तसं आहे. फाडून नव्यानं लिहू का, असं तिनं विचारलं होतं; मी नको म्हटलं. रिझल्टच्या कोऱ्या जागेत तिनं दोन्ही उत्तरं लिहिली आहेत आणि खाली दोन पानं व्हिडिओची रीडिंग चिकटवली आहेत.

एक गोष्ट राहिली आहे. कडबाकुट्टीवाल्या मुलाचं म्हणणं की थंडीच्या सकाळी चाक जास्त ओढतं आणि ऊन आलं की मोकळं होतं. द्रवाचा चिकटपणा तापमानाबरोबर कमी होतो, त्यामुळे त्याचं बोलणं पटण्यासारखं आहे. आमची एक बॅच सकाळी साडेसातला असते आणि दुसरी दुपारी दीडला, चाक तेच. मामांनी थर्मामीटर बेअरिंगच्या ब्रॅकेटला बांधून ठेवला आहे. डिसेंबरातली रीडिंग दोन्ही बॅचनी घ्यायची ठरली आहेत.